मालमोटारीचे डिझेल इंजिन : जुने की नवे?

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आमच्या शेतकरी बांधवांची जी मंडळी जमते, तिच्यात गेली पाच-सहा वर्षे एक वाद हटकून निघतो. भाजी वाहण्यासाठी घरची जुनी ४०७ ठेवावी, की कर्ज काढून नवी बी. एस. ६ गाडी घ्यावी? वडीलधारे जुनीच्या बाजूचे, मुलगे नवीच्या. घरच्या जमिनीचा कागद ज्या वादापायी तारण पडू शकतो, त्याविषयी या पानाने गप्प बसू नये असे आम्हांस वाटते.

४०७ बाजारात आली १९८६ साली. त्या पहिल्या गाड्यांच्या इंजिनाला ना टर्बो होता, ना संगणक. नोझलचे तोंड दोनशेच्या आसपास बार दाबाला उघडे आणि इंजिन एकदा सुरू झाले की बॅटरी मेली तरी गाडी घरी येई. वाटेत बिघडली तर फिटर झाडाखाली बसून पान्या-पकडीने काम भागवी. हे सारे खरे आहे, पण या आठवणींत थोडी साखरही मिसळली आहे. पंप काही झाडाखाली दुरुस्त होत नसे. तो शहरात नेऊन मशीनवर कॅलिब्रेशन करून घ्यावा लागे, आणि तेवढा खर्च वाचवण्यासाठी कित्येकांनी वर्षानुवर्षे काळा धूर सोडत गाडी रेटली. चोर्ला घाट चढताना मागे जो काळा ढग राहतो तो इंजिनाच्या ताकदीची खूण नव्हे. ते अर्धवट जळालेले डिझेल आहे, म्हणजे आपलाच पैसा.

तो धूर जातो कोठे, हेही पाहिले पाहिजे. पहाटे चार वाजता अंगणात गाडी गरम करीत ठेवायची, सायलेन्सरचे तोंड स्वयंपाकघराकडे, आणि आत घरची बाई चुलीशी. यार्डात रांग लागली की इंजिन चालू ठेवून क्लीनर पोरगा मागेच झोपलेला. डिझेलच्या काजळीचे कण इतके बारीक असतात की नाक-घसा त्यांना अडवू शकत नाही, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली हा धूर ‘बहुधा’ कर्करोगकारक म्हटला होता. २०१२ साली तो ‘बहुधा’ शब्द काढून टाकला. दम्याच्या रोग्याला तर कर्करोगापर्यंत वाट पाहावीच लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बी. एस. ६ चा नियम लागू झाला तो याच कारणाने. मोठ्या इंजिनाला बी. एस. ४ मध्ये दर किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडण्याची मुभा होती, ती आता अर्ध्या ग्रॅमच्याही आत आली. काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर जाळी बसली. इंधनाचा दाब १६०० ते २००० बारपर्यंत गेला. घाटात ओढ चांगली, डिझेलची बचत, आवाज कमी. हे गुण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

मात्र नवे इंजिन शेतकऱ्याच्या जुन्या सवयी सहन करीत नाही. ट्रॅक्टरसाठी गोठ्यात ठेवलेल्या बॅरलमधले डिझेल जुन्या गाडीने निमूटपणे पचवले. त्यातले पाणी आणि गंज नव्या इंजेक्टरात गेला तर दुरुस्तीचे बिल पाहून डोळे पांढरे होतील. जाळीत साठलेली काजळी अधूनमधून साडेपाचशे-सहाशे अंश उष्णतेवर जाळावी लागते, आणि ती उष्णता सलग, बऱ्या वेगाने धावल्याशिवाय येत नाही. शेत ते यार्ड सहा किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरात, अशा कामावर जाळी तुंबणारच. शिवाय जाळणी चालू असताना गाडी वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये. आग लागू शकते. एवढे वाक्य तरी घरातल्या चालकाला वाचून दाखवावे. पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या गाडीची वायरिंग उंदीर कुरतडतात, ते वेगळेच.

युरियाविषयी थोडे अधिक लिहितो. मोठ्या नव्या गाड्यांना डिझेलखेरीज युरियाच्या द्रावणाची टाकी असते (लहान पिकअप सगळ्यांनाच नसते). त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी. घरात खताचे ४५ किलोचे पोते असताना विकतचे द्रावण कशाला, असा हिशेब एका ओळखीच्या बांधवाने केला आणि पोत्यातला युरिया विहिरीच्या पाण्यात कालवून टाकीत ओतला. २०१५ पासून खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप, खतातली अशुद्धता आणि पाण्यातला चुना मिळून फवाऱ्याचे तोंड बंद झाले आणि गाडीची ताकद उतरली. वाचले किती आणि गेले किती, हे आम्ही त्याला विचारलेले नाही. शेतीचा युरिया अन्य कामी वापरणे हा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हाही आहे.

तेव्हा आमचे मत असे की, आधी आपला रस्ता मोजावा. रोज रात्री भाजी भरून घाटाने म्हापसा-पणजी गाठणाऱ्याने नवी गाडी घ्यावी. तिला हवे तसे धावणे मिळेल आणि वाचलेल्या डिझेलातून हप्त्याला हातभार लागेल. ज्याचे काम गावाभोवतीचे आणि वर्षातून पाच-सहा महिन्यांचे, त्याने कर्जाच्या वाटेला जाऊ नये, कारण पावसात गाडी विश्रांती घेते, हप्ता घेत नाही. त्याने जुनी ठेवावी, पण नोझल, पंप, एअर क्लीनर यांवर खर्च करून तिचा धूर बंद करावा. नाहीतरी आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला उभे राहावेच लागते. आणि नवी घेऊन काजळीची जाळी काढून टाकण्याचा जो धंदा काही गॅरेजांत चालतो, त्याला आमचा साफ विरोध आहे. हप्ता नव्याचा भरायचा आणि धूर जुन्याचा खायचा, यात शहाणपण कसले?

जुनी गाडी विकत घेणार असाल तर विकणाऱ्याला न कळवता भल्या पहाटे जावे. त्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करून घ्यावे आणि मागे उभे राहून धूर पाहावा. निळा असेल तर ऑइल जळते आहे, म्हणजे रिंग-लाइनरचा खर्च. पांढरा दहा मिनिटांतही गेला नाही तर हेडपर्यंत काम जाईल. काळा असेल तर पंप-नोझलचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी.