अणुपाणबुडीचा इंजिनिअर: बायोडाटात न मावणारं करिअर

नांदेडहून विशाखापट्टणमला थेट एक्स्प्रेस जाते. त्याच विशाखापट्टणमला २९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘आयएनएस अरिघात’ ही आपली दुसरी स्वदेशी अणुपाणबुडी नौदलात दाखल झाली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सरकारने आणखी दोन अणुशक्तीवर चालणाऱ्या हल्लेखोर पाणबुड्या बांधायला मंजुरी दिली. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती क्षेपणास्त्रांची. ती अणुभट्टी समुद्राखाली महिनोन्‌महिने सांभाळणार कोण, यावर फार कुणी बोललं नाही. मला मात्र त्या माणसाच्या नोकरीचंच कुतूहल आहे.

आधी तंत्र समजून घेऊ. साधी डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी तुमच्या फोनसारखी असते. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते आणि चार्जिंग संपत आलं की वर यावंच लागतं, कारण डिझेल इंजिनाला हवा लागते. वर आलं की शत्रूला दिसण्याचा धोका. अणुभट्टीला हवा लागत नाही. युरेनियमच्या विखंडनातून उष्णता, त्या उष्णतेने पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर पंखा, अशी ती साखळी. पिण्याचं पाणी आणि श्वासाचा ऑक्सिजनही पाणबुडी समुद्राच्या पाण्यापासून बनवते. (२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आणलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकरांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.)

‘अरिहंत’ची भट्टी ८३ मेगावॉटची. आपल्या परळीचा एक संच २५० मेगावॉटचा, म्हणजे आकडा तसा लहानच. पण वीजकेंद्र एका ठरावीक पॉवरवर शांतपणे चालत राहतं. पाणबुडीला क्षणात वेग हवा असतो, क्षणात थांबायचं असतं. पॉवर एकदम उतरवली की भट्टीत झेनॉन साठतो. तो न्यूट्रॉन गिळतो, त्यामुळे लगेच पुन्हा पॉवर चढवणं अवघड होतं. शिवाय सगळं हलत्या, तिरक्या होणाऱ्या नळकांड्यात बसवायचं, आणि भिंतीपलीकडेच माणसं झोपणार. खरं इंजिनिअरिंग इथे आहे.

या कामापर्यंत पोचायचं कसं? लातूरला जेईईची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं, की जेईई मेनच्या रँकवर नौदलाची ‘१०+२ बी.टेक. कॅडेट एंट्री’सुद्धा असते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये मिळून ७० टक्के लागतात, मग एसएसबी मुलाखत आणि मेडिकल. पुढची चार वर्षं केरळात एळिमलाच्या अकादमीत फुकट इंजिनिअरिंग. मरीन इंजिनिअरिंगचं प्रशिक्षण आपल्या लोणावळ्यात, ‘आयएनएस शिवाजी’वर होतं. पाणबुडी विभागात स्वतःहून नाव द्यावं लागतं. त्यांची शाळा विशाखापट्टणमला आहे आणि तिचं नाव ‘आयएनएस सातवाहन’, म्हणजे थेट आपल्या पैठणशी नातं! अणुभट्टी त्याच्याही पुढची पायरी. तिथे तुम्ही निवडत नाही, तुम्हाला निवडलं जातं.

इथपर्यंत सगळं छान. आता या करिअरची दुसरी बाजू.

कॅप्टन बी. के. सुब्बाराव हे या क्षेत्रातल्या आपल्या सुरुवातीच्या नौदल अधिकाऱ्यांपैकी एक. आयआयटी मुंबईतून त्यांनी अणुतंत्रज्ञानात पीएचडी केली. भाभा अणुसंशोधन केंद्राने पाणबुडीसाठी केलेल्या भट्टीच्या आराखड्यात दोष आहेत, असं मत त्यांनी नौदलात असतानाच मांडलं होतं. १९८७ मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ३० मे १९८८ रोजी अमेरिकेला निघालेले असताना त्यांना मुंबई विमानतळावर अटक झाली. आरोप होता गोपनीय कागद देशाबाहेर नेण्याचा, आणि त्या कागदांमध्ये त्यांचा स्वतःचा पीएचडी प्रबंध होता! २० महिने ते तुरुंगात होते. १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं आणि सर्वोच्च न्यायालयातही तोच निकाल टिकला. आपल्या टीकेचा हा सूड होता, असं त्यांचं म्हणणं होतं. आपला खटला ते स्वतः लढले आणि नंतर रीतसर वकील झाले.

योगायोग बघा, त्याच १९८८ मध्ये सोव्हिएत रशियाकडून भाड्याने घेतलेली ‘आयएनएस चक्र’ भारतात आली आणि तिचे फोटो सगळीकडे छापून आले. आपला स्वतःचा प्रकल्प मात्र ‘ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी व्हेसल’ अशा गुळमुळीत नावाखाली झाकलेला होता. २६ जुलै २००९ ला ‘अरिहंत’ पाण्यात उतरली तेव्हाच तो उघडपणे लोकांसमोर आला.

गुप्तता नको, असं मी म्हणत नाही. शत्रूला पाणबुडीच्या आवाजाची नोंद मिळाली तर ती पाणबुडी संपलीच. पण मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, आणि माझा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तपासणारा कधीकधी दुसऱ्या टीममधला असतो, आणि तोच सगळ्यात जास्त चुका काढतो. भट्टीचं काय? नागरी अणुवीज केंद्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. भाभा केंद्राच्या सुविधा २००० साली त्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत समित्यांकडे सोपवल्या गेल्या. म्हणजे बनवणारा आणि तपासणारा एकाच छताखाली.

मग बाहेरची नजर उरते ती फक्त नौदलाची, म्हणजे ती भट्टी घेऊन प्रत्यक्ष पाण्याखाली जाणाऱ्या अधिकाऱ्याची. “सर, हे बरोबर नाही” असं तो म्हणाला, तर त्याचं म्हणणं लेखी नोंदवलं जाईल का, आणि पुढच्या बढतीत त्याची किंमत त्याला मोजावी लागेल का? नव्या दोन पाणबुड्यांसाठी अशी कितीतरी तरुण मुलं लागणार आहेत. ती आज कदाचित लातूरच्या एखाद्या क्लासमध्ये बसून थर्मोडायनॅमिक्सचा धडा सोडवत असतील. एसएसबीत त्यांची हिंमत नक्कीच तपासली जाईल. वरिष्ठाच्या आराखड्यातली चूक दाखवायला लागते ती हिंमत मात्र नोकरीला लागल्यावर, बंद दाराआड तपासली जाते.