सर्व्हरचे प्रतिलेखन



आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर आता चोपडीची जागा सर्व्हरने घेतली आहे. बिले, साठा, येणे-देणे सारे त्याच्या पोटात असते. अशा कित्येक सर्व्हरांवर लिनक्स ही प्रणाली असते आणि तिचा कारभार काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून चालतो. हे काम घरातील मुले वा नेमलेला तंत्रज्ञ करीत असला, तरी त्यामागील व्यवहार धन्यानेही जाणून घ्यावा. तो आपल्या ओळखीचाच आहे.

लिनक्सवर सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ रूपाने येते. डेबियन व उबुंटू या प्रणालींत ही पॅकेजे ‘ॲप्ट’ हे साधन हाताळते. ‘ॲप्ट अपडेट’ या आज्ञेने सॉफ्टवेअर बदलत नाही. कोठारातील मालाची ताजी यादी तेवढी येते. माल येतो तो ‘ॲप्ट अपग्रेड’ या आज्ञेने. तेव्हा काय काय बदलणार हे दाखवून यंत्र आपली संमती विचारते. ते न वाचता ‘होय’ म्हणणे म्हणजे बिल न पाहता सही करणे होय.

कोठाराच्या यादीवर डिजिटल स्वाक्षरी असते. ती जुळली नाही, तर ॲप्ट ती यादी स्वीकारत नाही. म्हणून कोणी सुचवले म्हणून परके कोठार सर्व्हरला जोडू नये. त्याची किल्ली स्वीकारणे म्हणजे त्याला तिजोरीपर्यंत वाट देणे.

परंतु मोहोर माल कोठून आला एवढेच सांगते. तो निर्दोष आहे, असे नव्हे. ‘एक्सझेड’ हे फायली आकुंचित करणारे लहानसे साधन असंख्य सर्व्हरांवर असते. एका अज्ञात व्यक्तीने टोपणनावाने सुमारे दोन वर्षे या प्रकल्पात निष्ठेने काम केले, विश्वास संपादन केला आणि मग 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. ॲन्ड्रेस फ्रॉयंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात दूरस्थ प्रवेशास अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच खटकले. त्याने मूळ शोधले आणि 29 मार्च 2024 रोजी ही चोरवाट जगासमोर आणली. डेबियनच्या चाचणीसाठीच्या शाखांत ती शिरली होती. स्थिर आवृत्तीत मात्र पोहोचली नव्हती. पेढीच्या सर्व्हरवर नावीन्याचा मोह टाळून स्थिर आवृत्तीच ठेवावी आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या मात्र विनाविलंब घ्याव्यात, ते यासाठीच.

दुसरा प्रश्न संग्रहाचा. एक पॅकेज मागवले की त्याच्यासोबत आणखी दहा येतात; मूळ काढले तरी ती राहतात. जुन्या कर्नलांनी बूटची जागा भरली, की नवी दुरुस्ती अर्ध्यावर अडते. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ हा अनावश्यक साठा दूर करते. ‘रिमूव्ह’ने पॅकेज जाते, पण त्याची व्यवस्थापन-फाईल उरते, ‘पर्ज’ने तीही जाते. अपरिग्रह येथे केवळ तत्त्व नाही, तर संरक्षणही आहे: जे सर्व्हरवर नाही, त्यातून चोर शिरू शकत नाही.

मात्र कोणताही बदल करण्यापूर्वी हिशेबाची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती प्रत उघडते, याचीही खात्री करावी. हे काम दुकान वाढवल्यानंतर करावे. विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी कदापि नव्हे.

आपले साधू-साध्वी वस्त्र-पात्रांचे नित्य प्रतिलेखन करतात. वस्तू कालचीच असते, तरीही आज पुन्हा पाहिली जाते. कारण मध्यंतरी नकळत त्यात एखादा जीव शिरलेला असू शकतो. त्या क्रियेमागे अविश्वास नसतो, जागरूकता असते. आठवड्यातील एक संध्याकाळ सर्व्हरसाठी नेमून तीच दृष्टी तेथेही ठेवावी. ज्याच्या पोटात पिढ्यांची पत साठवली आहे, त्याला एवढे लक्ष देणे आपले कर्तव्यच आहे.