ऑपरेटर हवा की सेटर?

व्यवसाय शिक्षणाची प्रमाणपत्रे उद्योगांच्या उपयोगी पडत नाहीत ही तक्रार जुनी असून, गेल्या दशकभरातल्या सुधारणांचा रोख मुख्यतः अभ्यासक्रम सुटसुटीत आणि मागणीबरहुकूम करण्याकडे राहिला आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, म्हणजे कोणते प्रमाणपत्र ज्ञानाच्या व जबाबदारीच्या कोणत्या पायरीवर बसते हे ठरवणारी शिडी. तिच्या मूळच्या दहा पायऱ्या २०२३ मध्ये आठ करण्यात आल्या. २०२२ पासून आयटीआयमधील प्रशिक्षणाचे वार्षिक तास १६०० वरून १२०० वर आले, तर मे २०२५ मध्ये केंद्राने एक हजार आयटीआयच्या दर्जावाढीसाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि त्यांपैकी १०,००० कोटींचा वाटा उद्योगांवर टाकला. या सगळ्यात ‘उद्योगाची गरज’ हे शब्द वारंवार येतात; ती गरज कारखान्यातल्या नेमक्या कोणाची, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

चाकण, सातपूर किंवा वाळूजच्या एखाद्या लहान कारखान्यात व्हीएमसीवर, म्हणजे संगणकीय आज्ञावलीनुसार धातू कापणाऱ्या यंत्रावर, दोन प्रकारची माणसे लागतात. ऑपरेटर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पकडीत बसवतो, बटण दाबतो, जॉब काढतो आणि गेजने तपासतो. सेटर मात्र ड्रॉइंग वाचून मापाचा शून्यबिंदू ठरवतो, टूलची धार झिजली की त्याचा ऑफसेट, म्हणजे झिजेची भरपाई करणारा आकडा, बदलतो आणि माप सरकू लागले तर दोष टूलचा, कच्च्या मालाचा की पकडीचा, हे शोधून काढतो. पहिले काम काही आठवड्यांत अंगवळणी पडते. दुसऱ्याचा पाया आयटीआयच्या फिटर किंवा टर्नर या व्यवसायांत घातला जातो: पोलादी तुकडा कानशीने घासायचा, गुण्या लावून उजेडासमोर धरायचा, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचा. हे काम कंटाळवाणे खरेच, पण ०.०४ मिलिमीटर म्हणजे किती, हे हाताला तिथेच कळते. मनुष्यबळ विभागाकडून मागणी येते ती ऑपरेटरची, आणि तीही येत्या सोमवारपासून. शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरला विचारावे तर सेटर मिळत नाही हे दुखणे बाहेर पडते. यांपैकी पहिल्याचेच ऐकून तीन-तीन महिन्यांची प्रमाणपत्रे काढली, तर यंत्राचे मॉडेल बदलताच ती निरुपयोगी होतील आणि त्याची किंमत कारखानदाराऐवजी ती घेतलेला मुलगाच मोजील.

मागणी नोंदवण्यापलीकडे उद्योगाने काय द्यायचे, हा खरा मुद्दा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे; परंतु अशा उमेदवाराला वर्षभर केवळ माल उचलायला लावले, तर तो स्वस्तातला हेल्पर होतो, कारागीर होत नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय वा पदविकाधारकाला दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन सरकारी तिजोरीतून मिळते. तरुणाला आधार म्हणून ते ठीकच आहे, पण ज्याच्या खिशातून काही जात नाही त्या मालकाला शिकवण्याची निकड वाटावी कशी? आयटीआयमध्ये २०१६ साली आलेली द्विस्तरीय प्रशिक्षण पद्धत, ज्यात शिक्षण काही काळ संस्थेत आणि काही काळ कारखान्यात होते, जर्मनीच्या धर्तीवरची आहे. तिथल्या कायद्याने परीक्षा मंडळात मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात, शिवाय किमान एक शिक्षक असतो. आपण कारखान्यातले दिवस उचलले. परीक्षेची ती रचना उचलली नाही.

म्हणून फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांसारखे रुंद पायाचे दोन वर्षांचे व्यवसाय तसेच राखून, यंत्रविशिष्ट छोटे अभ्यासक्रम त्यांच्यावर चढवावेत, त्यांच्या जागी आणू नयेत. आणि ज्या उद्योगाला अभ्यासक्रम समितीवर खुर्ची हवी असेल, त्याने प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी आपला सर्वांत चांगला सेटर परीक्षक म्हणून पाठवावा आणि उत्तीर्ण होणाऱ्याला हेल्परपेक्षा किती पगार जास्त देणार, तो आकडा आधी लिहून द्यावा.