पोकरचा 'बँकरोल' : पैसा नेमका कोणाचा?

गेल्या महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. शाळेत गणितात हुशार होता. हातात एक वही. तारीख, टेबल, जिंकले, हरले, शिल्लक, सगळं पट्टीने आखलेलं. "सर, मी जुगारी नाही. मी हिशेबाने पोकर खेळतो," असं त्याचं म्हणणं.

वही आम्ही तपासली. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. पण 'जमा' या रकान्यात तीन रकमा होत्या : पगार, अम्मीच्या बीसीचे उचललेले पैसे आणि लोन ॲपवरून घेतलेलं कर्ज. कर्ज जमेत धरलं होतं!

जुगार हराम आहे हे या मुलांना माहीत नाही असं नाही. अडचण ही की ती स्वतःला जुगारी समजतच नाहीत. म्हणून नुसती नसीहत पोहोचत नाही. त्यांच्याच हिशेबात शिरून बोलावं लागतं.

नियम काय सांगतो?

नियमित पोकर खेळणाऱ्यांमध्ये 'बँकरोल' नावाचा नियम आहे. घरखर्चापासून पूर्ण वेगळी रक्कम ठेवायची. एका टेबलावर बसायला हजार रुपये लागत असतील, तर जवळ किमान वीस-तीस हजार हवेत. हरलात तर छोट्या टेबलावर उतरायचं. नियम खोटा नाही. पण तो फक्त लवकर बुडू नये म्हणून आहे. कमाईची हमी त्यात कुठेच नाही.

आता पुढचा हिशेब बघू. सहा जण हजार-हजार घेऊन बसले, तर टेबलावर सहा हजार आले. डावागणिक ॲप त्यातून आपला हिस्सा, म्हणजे 'रेक', कापून घेतं. बाहेरून नवा पैसा येत नाही. म्हणजे सहा जणांचे मिळून पैसे कमीच होत जातात. जिंकणाऱ्याला बाकीच्या पाच जणांना हरवून वर रेकही भरून काढावा लागतो.

त्यात कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. शंभर भरले की त्यातले जवळपास बावीस रुपये कराचे. काही ॲप ते बोनस म्हणून परत देत, म्हणून ते डोळ्यांना दिसले नाहीत. शिवाय निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, आणि एका वर्षाचा तोटा पुढच्या वर्षात वजा करता येत नाही. समजा, पहिल्या वर्षी लाख हरलात आणि दुसऱ्या वर्षी लाख जिंकलात. दोन वर्षांची कमाई शून्य, तरी कर किमान तीस हजार! त्या वहीत हा रकानाच नव्हता.

पोकरमध्ये कौशल्य लागतं, हे आम्हीही मानतो. कौशल्य की नशीब, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद झाले. पण कौशल्यवाला जिंकतो तो कमी कौशल्यवाल्याच्या पैशावर. रात्री ड्युटीवरून येऊन मोबाइल उघडणारा आपला मुलगा त्यातला कोण, हे त्यानेच सांगावं.

बंदीनंतर काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण मोठ्या ॲपनी पैशांचे खेळ लगेच थांबवले.

सवय मात्र कायद्याने थांबत नाही. आमचा विद्यार्थी आता टेलिग्रामवरून मिळालेल्या परदेशी साइटवर खेळतो. तिथे पैसे अडकले तर दाद कोणाकडे मागणार? त्याहून मोठा धोका म्हणजे कमिशनच्या आमिषाने स्वतःचं बँक खातं वापरायला देणं. फसवणुकीचा पैसा त्यातून फिरला की खातं गोठतं आणि पोलीस दारात येतात ते खातेदाराच्याच.

मग पैशाचं नियोजन कसं करायचं? आधी खेळ थांबवा आणि उरलेले पैसे काढून घ्या. मग सगळी कर्जं व्याजासकट एका कागदावर लिहा. हरलेले पैसे खेळूनच परत मिळवू, हा विचार सोडा. तिथूनच दुसरं कर्ज सुरू होतं. घरात एका मोठ्या माणसाला खरं सांगा. फसवणूक झाली असेल तर १९३० वर आणि मन खचलं असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा.

आई-वडिलांना एकच विनंती. मुलाने खरं सांगितलं तर त्या रात्री त्याच्यावर ओरडू नका. आमच्या विद्यार्थ्याने अजून घरी सांगितलेलं नाही. बीसीचा पुढचा हप्ता पाच तारखेला आहे आणि तो अम्मी भरणार आहे.