संयुक्त ताबा आणि माहितीचे कलम

संयुक्त ताब्याचा आदेश झाल्यावर मूल दोन घरांत राहू लागते, पण त्याच्याविषयीची माहिती बहुधा एकाच घरात अडकते. प्रगतिपुस्तक, लसीकरणाचे कार्ड आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप ज्याच्या हाती, खरा ताबा त्याचाच. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० व हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ हे दोन्ही कायदे मुलाच्या हिताला महत्त्व देतात. एका पालकाने दुसऱ्याला काय आणि किती वेळात कळवावे, हे मात्र सांगत नाहीत. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. तरी या बाबतीत कायदाच गप्प असल्याने सगळा भार सहमतीच्या अटींवर, म्हणजे त्या लिहिणारे वकील आणि त्या घडवून आणणारे समुपदेशक यांच्यावर येतो.

‘दोन्ही पालक परस्परांना सहकार्य करतील’ हे वाक्य जवळपास निरुपयोगी आहे. त्याचा भंग झाला हे सिद्धच करता येत नाही. समजा, आई लोहगडवाडीत राहते, वडील चिंचवडला, आणि मुलगी शनिवार-रविवार वडिलांकडे जाते. पावसाळ्यात त्याच दोन दिवशी लोहगड-विसापूरच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या अडकतात. मुलीला वाडीतून न्यायचे ठरवले तर उशीर होणारच, आणि ‘कळवले का नाही’ हा वादही. त्याऐवजी खाली मळवली स्टेशन, अमुक वेळेची लोकल, आणि गाडी चुकल्यास लगेच मेसेज, असे स्पष्ट लिहावे. आजारपणात तर हयगय चालतच नाही. तापाचे औषध दुपारी दोनला दिल्याचे कळले नाही, तर चारला दुसऱ्या घरी तोच डोस पुन्हा दिला जातो. औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटची वेळ लिहिलेली चिठ्ठी बाटलीलाच रबरबँडने लावावी व तिचा फोटो पाठवावा, इतके बारीक कलम मसुद्यात खुशाल असावे.

सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे माहितीसाठी दुसऱ्या पालकावर अवलंबून राहण्याची वेळच येऊ न देणे. शाळेत आणि डॉक्टरांकडे दोघांचे मोबाइल क्रमांक नोंदवावेत, आदेशाची प्रमाणित प्रत मुख्याध्यापकांना आधीच द्यावी. शाळा कोर्टाचा कागद मागते, ते रास्तच आहे.

तरीही माहिती दडवली गेली, तर तो विसर आहे की हेतू, हे आधी पाहावे. लेखी आठवण द्यावी: एका वेळी एकच विषय, आरोपाचा शब्द नाही, पुढे न्यायाधीश हा मजकूर वाचतील असे धरून. वारंवार तेच घडले तर समुपदेशकाकडे जावे, मग आदेशात बदलाचा अर्ज करावा. ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थितीनुसार बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात १९७३ मध्येच सांगितले आहे. १८९० च्या कायद्याखालील अर्ज मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात करायचा असतो. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीबाहेरच्या गावासाठी ते जिल्हा न्यायालय असते. अवमान याचिका अगदी शेवटी, कारण तिथे जाणूनबुजून भंग केल्याचे दाखवावे लागते.

पोटगी थांबवणे किंवा भेट नाकारणे हे उत्तर नव्हे. त्याने हातातली बाजू कमजोर होते आणि झळ मुलाला बसते. सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे असे म्हटले. ती मिनिटे मुलाची आहेत. त्यात फी आणि परीक्षेची चौकशी उरकून त्याला निरोप्या करू नये.

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत मात्र हा सगळा आराखडा बदलतो. तिथे पत्ता आणि दिनक्रम गुप्त ठेवणे हा दोष नव्हे. शाळा व आरोग्याची माहिती वकील किंवा समुपदेशकामार्फतच जावी.

बहुतेक कार्यालयांत सहमतीच्या अटींचा एक जुना नमुना वर्षानुवर्षे वापरला जातो. वकिलांनी तो काढून त्यात भेटीच्या वेळापत्रकाच्याही आधी माहितीचे कलम घालावे, आणि समुपदेशकांनी सह्या होण्यापूर्वी ते दोन्ही पालकांना मोठ्याने वाचून दाखवावे.