चिकूचा महोत्सव आणि गृहस्थाचा विवेक

सहल म्हटली की देवदर्शन अथवा थंड हवेचे ठिकाण, अशी आपल्या कुटुंबांची जुनी समजूत आहे. परंतु आपल्या ताटात येणारे फळ कोठे पिकते, कोणाच्या हातून उतरते आणि पुढे त्याचे काय होते, हे मुलाबाळांना दाखविण्यासाठी काढलेला दिवसही तीर्थयात्रेइतकाच पुण्यकारक होय, असे आम्हांस वाटते. पालघर-बोईसरकडील मंडळींना तर याकरिता फार दूर जावयास नको. वाणगाव, डहाणू रोड आणि मग घोलवड, की समुद्रकाठचे बोर्डी आलेच. या गावी २०१३ सालापासून थंडीच्या दिवसांत चिकू महोत्सव भरू लागला. सूनबाई व नातवंडे यांसह आम्हीही एक दिवस तेथे घालविला.

या लहानशा प्रवासात जो पालट दिसतो, तो विचार करावयास लावणारा आहे. तारापुरास १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरभोवती औद्योगिक वसाहतीची धुराडी उभी राहिली. कित्येक घरांच्या चुली त्यांवर पेटतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. डहाणू तालुका मात्र केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून तेथील कारखानदारीवर बंधने घातली. त्यामुळे धुराडी मागे पडतात आणि चिकूच्या गर्द वाड्या लागतात.

चिकू हे मूळचे आपले फळ नव्हे. मेक्सिको व मध्य अमेरिका हे त्याचे माहेर. घोलवड-बोर्डीच्या परिसरात इराणी व पारशी बागायतदारांनी त्याच्या बागा वाढविल्या. कालीपत्ती ही येथील मुख्य जात. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दूरदेशीची कन्या सासरी येऊन त्या घराचे भूषण व्हावी, तसेच हे झाले!

फळ उतरविण्याची रीत मुलांनी डोळे भरून पाहिली. साल नखाने किंचित खरवडतात. आत हिरवे दिसले तर फळ कोवळे, पिवळसर दिसले तर उतरण्याजोगे. उतरल्यावर थोड्याच दिवसांत ते पिकते, आणि पिकले की नासावयास वेळ लागत नाही. फार थंड जागी ठेवावे, तर ते नीट पिकतच नाही. बागायतदाराची खरी अडचण ही आहे. बाजारात एकदम माल आला की भाव पडतो, आणि फळ तर थांबावयास तयार नसते! म्हणूनच महोत्सवात चिकूच्या वाळविलेल्या चकत्या, भुकटी, लोणचे, मिठाई यांची रेलचेल असते. जवळच वालाच्या शेंगा, कंद व रताळी मडक्यात मंद आचेवर शिजवून केलेली या भागातील उकडहंडी होती. सूनबाईंनी तिची कृती विचारून घेतली, यातच सर्व आले.

आता अवघड प्रश्नाकडे वळू. बोर्डीतच चिकूपासून वाइन करण्याचा उद्योगही निघाला आहे. "आजोबा, फळाचीच तर आहे, मग वाईट कशी?" असे थोरल्या नातवाने विचारले. मनुस्मृतीत गौडी, पैष्टी व माध्वी अशी तीन प्रकारची सुरा सांगून द्विजांस ती निषिद्ध मानली आहे. आजची बियर धान्याची, म्हणजे पैष्टीचीच वंशज. उलटपक्षी चरकसंहितेत चौऱ्याऐंशी आसवे गणली आहेत आणि त्यांत सव्वीस फळांची आहेत. अर्थात ही विद्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. जाणूनही त्यांनी मर्यादा घातली, हे ध्यानात घ्यावे. आम्ही त्याला इतकेच सांगितले की, नासणाऱ्या फळाचे मोल वाढविणारा उद्योग तुच्छ लेखू नये. तथापि उद्योगाचा मान राखण्यासाठी पेला उचललाच पाहिजे असे नाही.

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. महोत्सवात वारली चित्रे होती, तारप्याच्या सुरावर नाच होता. ज्या पाड्यांतून ही कला आली, त्याच पाड्यांतील स्त्रीपुरुष बागांमधून राबतात; आणि तेथे दारूने उद्ध्वस्त झालेले संसारही आहेत. शहरातून आलेल्या पाहुण्याच्या पेल्यास रसिकता म्हणावयाचे आणि मजुराच्या पेल्यास व्यसन, हा न्याय आमच्या बुद्धीस पटत नाही. याच बोर्डीत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये नेले. बोर्डीस जाणाऱ्याने ही आठवण ठेवून जावे.

असो. वाचकांनी सवड काढून मुलांसह अवश्य जावे. चिकू घेताना घट्ट घ्यावेत, घरी पेंढ्यात वा कागदात गुंडाळून ठेवावेत, आणि मऊ झाले की लगेच संपवावेत. आणखी एक करावे. चित्र अथवा टोपली घेताना करणाऱ्याच्या हातातच पैसे द्यावेत आणि घासाघीस करू नये. फळाची गोडी घरी आणताना ती पिकविणाऱ्याचे श्रम विसरू नयेत, एवढा संस्कार मुलांवर झाला तरी सहलीचे सार्थक झाले.