घरचा संगणक : जुन्या दाराला नवें कुलूप

आमच्या घरीं माडीवर जो संगणक आहे, त्यावर सेंटओएस ७ ही २०१४ सालची कार्यप्रणाली चालते. तिची अधिकृत देखभाल ३० जून २०२४ रोजीं संपली. तथापि तीर्थरूपांनीं पंचवीस वर्षें खपून जुळविलेली कुळाची वंशावळ त्या यंत्रांतच असल्यामुळें, ‘टाकून द्या’ हा तरुण मंडळींचा सल्ला कोणासच मानवला नाहीं. वंशावळीची प्रत परठिकाणीं आपोआप पोंचावी म्हणून पुतण्यानें एक आज्ञावली लिहिली. ती पायथन ३.१० वर चालावयाची, आणि पायथनच्या त्या आवृत्तीस ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्याहून नवें लागतें. आमच्या यंत्रांत होतें १.०.२. सबब सारें काम एकाच तबकडीच्या भरंवशावर राहिलें.

ओपनएसएसएल हें संदेश गुप्त करणाऱ्या साधनांचें भांडार होय. त्यास लायब्ररी म्हणतात. परंतु तींत ग्रंथ नसून हत्यारें असतात, म्हणून आम्ही आपली ‘पेटी’ म्हणूं. ही पेटी जुनी ठेवण्यांत काय धोका असतो, हें एप्रिल २०१४ मध्यें ‘हार्टब्लीड’ या दोषानें जगास दाखविलें. ‘जागा आहेस ना?’ असें विचारणाऱ्या संदेशांत स्वतःची लांबी खोटी सांगितली कीं, समोरचें यंत्र आपल्या स्मृतींतील ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर निमूटपणें परत करी. त्यांत परवलीचे शब्द व गुप्त किल्ल्याही सांपडत.

पहिल्या रात्रीं प्रस्तुत लेखकानें उतावळेपणा केला. नवी पेटी तयार करून ती थेट जुनीच्या जागीं बसविली. यंत्रांतील अनेक आज्ञावल्या त्या जुन्या पेटीशींच बांधलेल्या असतात, याचें भान राहिलें नाहीं. दूरून प्रवेश देणारें एसएसएच बंद पडलें आणि नवे भाग आणणारें यमही मुकें झालें. बचाव-तबकडीवरून यंत्र सुरू करून जुन्या फायली परत ठेवीपर्यंत पहांट झाली. तीर्थरूप जिन्यांत उभे होते, त्यांनीं एवढेंच विचारिलें, “वंशावळ आहे ना?” ती होती.

दुसऱ्या खेपेस शांतपणें घेतलें. सप्टेंबर २०२१ मध्यें निघालेल्या ३.० या मालिकेचें मूळ लेखन उतरवून घेतलें व त्याची एसएचए-२५६ ही चौसष्ट अक्षरांची खूण जाहीर खुणेशीं ताडून पाहिली. जुळणी आरंभतांच अडथळा आला, तो पर्ल भाषेच्या ‘आयपीसी-सीएमडी’ या जोडभागाचा. नेहमीचीं भांडारें बंद झाल्यानें तो सेंटओएसच्या ‘व्हॉल्ट’ या जुन्या दप्तरांतून आणावा लागला. नंतर ‘प्रीफिक्स’ सांगून पेटीसाठीं ‘ऑप्ट’मध्यें स्वतंत्र जागा नेमली. ही एक ओळ पहिल्या रात्रीं लिहिली असती, तर जागरण टळलें असतें! ३.० आपले भाग ‘लिब६४’मध्यें ठेवतें, पायथन मात्र ते ‘लिब’मध्यें शोधतें, म्हणून तेंही नांव आधींच सांगितलें. पुढें ‘मेक’, मग ‘मेक टेस्ट’. ही परीक्षा पुष्कळ लोक कंटाळून गाळतात. आम्हीं गाळली नाहीं. शेवटीं ‘मेक इन्स्टॉल’.

पायथन जुळवितांना त्यास नव्या पेटीचा पत्ता दिला, तो चालतांनाही लक्षांत राहावा अशी सूचना दिली, आणि तरी प्रत्येक ठिकाण अविश्वसनीय ठरूं लागलें. कारण क्षुल्लक होतें : नव्या पेटीचा दाखल्यांचा कप्पा रिकामाच असतो. यंत्रांतील मूळ दाखल्यांची फाईल तेथें जोडतांच तक्रार मिटली.

रविवारीं वंशावळीची प्रत प्रथमच घराबाहेर सुखरूप पोंचली. कार्यप्रणाली अर्थातच जुनी ती जुनीच. म्हणून बाहेरून कोणास या यंत्रांत शिरतां येऊं नये, असे बाकीचे मार्ग बंद केले आहेत. नव्या पेटीच्या दुरुस्त्या यापुढें कोणी आपण होऊन धाडणार नाहीं, त्या आम्हांसच बसवावयाच्या. ३.० च्या देखभालीची मुदत ७ सप्टेंबर २०२६ ही ठरविलेली आहे. पुतण्यानें ती तारीख वंशावळीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविली आहे.